पॅनग्लॉसने पाणी आणलं होतं

'कँडिड' मी पहिल्यांदा वाचलं ते फोनवर, पुण्यात होस्टेलच्या गच्चीत, दोन रात्रींत. प्रकरणं तीस, पण एकेक प्रकरण बसची वाट बघताना संपेल एवढंच. १७५९ साली छापलेलं पुस्तक इतकं हसवेल असं वाटलं नव्हतं. मी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकत सुटले होते. 'जे होतं ते चांगल्यासाठीच' म्हणणाऱ्या प्रत्येक काकाचं नाव त्या आठवड्यापासून आमच्यात पॅनग्लॉस पडलं.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कँडिड हा भोळा पोरगा, पॅनग्लॉस त्याचा गुरू. शक्य असलेल्या सगळ्या जगांमध्ये आपलं जग सर्वोत्तम आहे, हे गुरूचं तत्त्वज्ञान. नाक कशासाठी, तर चष्मा टेकायला, अशा थाटाचे त्याचे पुरावे. मग व्होल्तेर या दोघांना जगभर फरफटत नेतो. युद्ध, गुप्तरोग, जहाज फुटणं, भूकंप, धर्मन्यायालय. पॅनग्लॉसचं नाक झडतं, त्याला फाशी होते, तरी तो जगतो आणि तरी मत बदलत नाही.

यातला टोला बसतो तो लायब्निझला. हा गणितातला मोठा माणूस, कॅल्क्युलसचा एक जनक. १७१० साली त्याने 'थिओडिसी' नावाचा ग्रंथ लिहिला. देव चांगला आणि सर्वशक्तिमान असेल, तर जगात दुःख का, हा त्यातला प्रश्न. प्रत्येक गोष्ट चांगली आहे असं त्याचं उत्तर नव्हतंच. एकूण हिशेब लावला तर याहून बरं जग शक्य नव्हतं, असं तो म्हणत होता, आणि त्या हिशेबात वाईट गोष्टीही धरलेल्या होत्या. हे पटो न पटो, पण ते खोडायचं तर 'एकूण' या शब्दाशी झुंजावं लागतं. व्होल्तेर झुंजत नाही, तो लायब्निझची नक्कल करतो. व्होल्तेरला मूळ माहीत नसेल असं म्हणायलाही जागा नाही. ज्या एमिली द्यु शातलेबरोबर त्याने कित्येक वर्षं काढली, तिनेच १७४० साली लायब्निझचे विचार फ्रेंचमध्ये मांडणारं पुस्तक लिहिलं होतं.

आज 'थिओडिसी' कोण वाचतं? पॅनग्लॉस मात्र सगळ्यांना माहीत. मला हे भारीच वाटलं होतं. एका जोकने अख्खा ग्रंथ गार! कॉलेजच्या वादविवाद स्पर्धांमध्ये मी हेच करायची. समोरच्याचा मुद्दा जरा वाकडा करून सांगायचा, हॉल हसला की बसायचं. हॉल हसल्यावर परीक्षकही फार खोलात जात नाहीत.

आता भूकंपाकडे येते. १ नोव्हेंबर १७५५, ख्रिस्ती संतांचा मोठा सण. लिस्बनची चर्चेस सकाळी भरलेली असताना जमीन हलली, मग समुद्र आत आला, मग आगी लागल्या. व्होल्तेर हादरला आणि त्याने यावर एक दीर्घ कविता लिहिली, यात कसलं आलंय सर्वोत्तम जग म्हणून. ती वाचून रूसोने १८ ऑगस्ट १७५६ रोजी त्याला लांबलचक पत्र पाठवलं. त्यातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. रूसो म्हणतो, सहा-सहा, सात-सात मजल्यांची वीस हजार घरं तिथे निसर्गाने थोडीच दाटीवाटीने उभी केली होती? लोक विखरून, हलक्या घरांत राहत असते तर एवढी माणसं मेली नसती. कितीतरी जण कपडे, कागदपत्रं, पैसे आणायला परत आत गेले आणि अडकले.

देवाला दोष देणारे आणि देवाची बाजू घेणारे भांडत बसले होते, तेव्हा हा माणूस घरांचे मजले मोजत होता. त्या पत्रात विनोद नावालाही नाही. व्होल्तेरने आजारपणाचं कारण देऊन उत्तर पुढे ढकललं. नंतर रूसोने आत्मचरित्रात लिहिलं, की ते उत्तर म्हणजेच 'कँडिड', जे मी वाचलेलं नाही. (याला म्हणतात खुन्नस.)

हे सगळं डोक्यात ताजं असताना मी सुट्टीत घरी गेले.

आमचं गाव किल्लारीपासून लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून दमलेली माणसं घरात झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यात आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, धाकटी बहीण होती. माझा जन्म नंतरचा, मला ती फक्त फोटोतून माहीत. घरात तिचा विषय निघाला की आबा एकच वाक्य बोलायचे, "त्याची मर्जी."

त्या दिवशी ते म्हणाले आणि मला राहवलं नाही. मी म्हणाले, "म्हणजे आबा, देवाने माळवद तिच्यासाठीच बनवलं होतं म्हणायचं." आजूबाजूची चुलत भावंडं फिसकन हसली. हॉल हसला होता. मग मी रूसो काढला, नाव न घेता. भूकंप माणसं मारत नाही, घरं मारतात. दोन-अडीच फुटांची दगडाची भिंत, आत नुसती माती, दगडाला दगड बांधलेला नाही. वर माळवद, आणि गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर. दर पावसाळ्याआधी छप्पर आणखी जड. यात मर्जी कुठे आली?

मुद्दा चोख होता. अजूनही आहे.

आबा गप्प बसले. मग म्हणाले, "त्या उन्हाळ्यात तिच्या माळवदावर माती म्याच टाकली व्हती, लेकरा." आणि उठून बाहेर ओट्यावर गेले.

त्यानंतर बरेच महिने मी 'कँडिड' उघडलं नाही. उघडलं तेव्हा सरळ पाचव्या प्रकरणावर गेले, लिस्बनच्या. पहिल्या वेळी तिथे मी सगळ्यात जास्त हसले होते. भूकंपात अंगावर दगड कोसळून कँडिड रस्त्यात पडलाय. मरतोय असं वाटून तो पॅनग्लॉसकडे थोडी दारू आणि तेल मागतो. पॅनग्लॉस सांगतो, की हे काही नवीन नाही, गेल्या वर्षी लिमातही असंच झालं, तेव्हा लिमापासून लिस्बनपर्यंत जमिनीखाली गंधकाची शीर गेलेली असणार. असेल, शक्य आहे, पण देवासाठी तेल द्या, असं कँडिड म्हणतो. शक्य काय, सिद्धच आहे, असं म्हणत पॅनग्लॉस वाद घालतो. कँडिड बेशुद्ध पडतो.

इथे पॅनग्लॉस देवाची मर्जी सांगतच नाहीये, हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं. तो भूकंपाचं कारण सांगतोय, त्या काळातलं भूगर्भशास्त्र. गंधक चुकीचं आहे, पण समजा बरोबर असतं? दृश्य तसूभरही बदललं नसतं. दगडाखाली माणूस आहे आणि शेजारी उभा असलेला शहाणा पुराव्याबद्दल बोलतोय. इतके दिवस मी स्वतःला व्होल्तेरच्या टीममध्ये धरत होते. त्या दुपारी आमच्या घरात पॅनग्लॉस मी होते.

म्हणून आता मला वाटतं, की 'कँडिड' लायब्निझला हरवत नाही आणि ते त्याचं कामही नाही. खंडन म्हणून पाहिलं तर पुस्तक लबाड आहे. ते चांगलं पकडतं ती स्पष्टीकरणाची वेळ, आणि स्पष्टीकरण देणारा कुठे उभा आहे ते. एकोणिसाव्या प्रकरणात याचा पुरावा मिळतो. सुरिनामच्या वाटेवर कँडिडला एक गुलाम भेटतो, उजवा हात नाही, डावा पाय नाही. साखरेच्या घाण्यात बोट अडकलं म्हणून हात तोडला, पळाला म्हणून पाय तोडला. युरोपात तुम्ही साखर खाता ती या किमतीत, असं तो सांगतो. शंभर पानं टवाळी करणारा व्होल्तेर इथे जोक मारत नाही. आयुष्यभर पाठ केलेलं गुरूचं तत्त्वज्ञान कँडिड इथेच सोडतो आणि रडतो. कुठल्या युक्तिवादाने नाही.

याचा अर्थ आबांचं बरोबर होतं असा नाही. 'त्याची मर्जी' म्हणून कुणी पुन्हा तसंच माळवद घालणार असेल, तर मी पुन्हा भांडेन, रूसोचे मजले मोजून भांडेन. 'भावना दुखावतील' म्हणून विचार म्यान करा, असल्या सल्ल्यांचाही मला कंटाळा आहे. पण त्या वाक्याचं काम कारण सांगण्याचं नव्हतंच, तीस वर्षांची एक माती त्याखाली झाकलेली होती. ते मी ऐकलं नाही, कारण मी हशाची वाट बघत होते. विनोदाने विचाराला धार येते म्हणतात. माझ्या बाबतीत विनोदाने ऐकणं बंद केलं होतं.

आणि हो, पाचव्या प्रकरणातलं एक वाक्य मी पहिल्या वेळी वाचलंच नव्हतं, डोळे पुढच्या जोककडे धावले असणार. कँडिड बेशुद्ध पडल्यावर पॅनग्लॉस जवळच्या कारंज्यावरून त्याला थोडं पाणी आणून देतो.

गेल्या दिवाळीत आबांशेजारी ओट्यावर बसले होते. माफी वगैरे मागता आली नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. मी आपली लिस्बनची गोष्ट सांगायला लागले. भूकंपानंतर तिथे नवीन घरांच्या भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा घालायला लागले, भिंत पडली तरी पिंजरा उभा राहावा म्हणून. नमुना तयार करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं आणि हादरे देऊन पाहिले असं सांगतात. आबा ऐकत होते. सुपारी कातरायची थांबली होती.

"लाकूड कंचं घातलं त्यांनी?" त्यांनी विचारलं.

मी फोन काढला आणि शोधायला लागले. ते चष्मा पुसून स्क्रीनकडे वाकले.