पोरगाच तो, चालायचंच?

रिचर्ड रीव्हज यांचं ‘ऑफ बॉइज अँड मेन’ हे २०२२ सालचं इंग्रजी पुस्तक मुलग्यांच्या आयांनी जरूर वाचावं. लेखक स्वतः तीन मुलग्यांचे वडील. अमेरिकेत १९७२ साली पदव्यांमधला पुरुषांचा वाटा बायकांपेक्षा १३ टक्क्यांनी जास्त होता. आता बायकांचाच १५ टक्क्यांनी जास्त आहे, हे ते दाखवतात. पण म्हणून मुलींना मागे ओढा, असं ते म्हणत नाहीत. हे मला फार आवडलं.

त्यांचे उपाय असे: मुलग्यांचा मेंदू उशिरा पक्का होतो, तर त्यांना वर्षभर उशिरा शाळेत घाला, आणि नर्स, शिक्षक अशा कामांत पुरुष आणा. दुसरा उपाय पटतो. पहिल्यापाशी मी अडते.

आपल्याकडचं दुखणं निराळं आहे. २०२०-२१ च्या सरकारी पाहणीत उच्च शिक्षणातलं मुलींचं प्रमाण २७.९ टक्के, मुलांचं २६.७. मात्र २०२३-२४ मध्ये काम करणारे किंवा काम शोधणारे पुरुष ७८.८ टक्के आणि बायका ४१.७! अभ्यासात मागे राहूनही ज्याचं फारसं अडत नाही, तो धडपडेल कशाला?

बेळगाव-निपाणीकडच्या आपल्या घरांत बघा. दहावीच्या वर्षी मुलीनं अभ्यास करून भाकरीही थापायची. भावानं नुसता अभ्यास करायचा, आणि तोही नाही केला तर ‘पोरगाच तो, चालायचंच. शेत आहे, दुकान आहे, बसेल गादीवर.’ पुढं शिकलेली मुलगी ‘शिकलेलाच नवरा हवा’ म्हणाली, की नावं तिलाच ठेवायची! वर्षभर उशिरा शाळेत घालून ही सवय कशी मोडणार?

१८९९ मध्ये दक्षिण भारत जैन सभा उभी राहिली, मुलांसाठी बोर्डिंगं निघाली. तेव्हाच्या आईबापांनी घरी शेत असूनही पोराला शिकायला बाहेर धाडलं. शेत होतं म्हणून त्यांनी पोराला सूट दिली नाही. आज आपण तीच सूट लाड म्हणून देतो.

रीव्हज शाळेचं, मेंदूचं, बंद पडणाऱ्या कारखान्यांचं नीट सांगतात. स्वयंपाकघरातलं प्रकरण मात्र आपलं आपणच लिहायचं आहे. मुलीला लावलेली शिस्त मुलाला लावली, की त्याची निम्मी सुरुवात झाली.