आघात कोणत्या शब्दावर?

दलित रंगभूमीची चर्चा आपण आशय, जाणीव आणि बांधिलकी या शब्दांत करतो. ती व्हायलाच हवी. पण हा आशय प्रेक्षकापर्यंत पोहोचतो तो नटाच्या तोंडून, आणि नेमका तिथेच तो पुष्कळदा उलटा होतो. संहितेतील एक अक्षरही न बदलता नट वाक्याचा अर्थ फिरवू शकतो. भलत्याच शब्दावर आघात दिला की पुरे. म्हणून हा प्रश्न मला केवळ उच्चारशास्त्राचा वाटत नाही.

एक साधे वाक्य घेऊ : 'आम्ही पाणी मागत नाही.' 'आम्ही'वर जोर दिला, तर मागणारे दुसरे कोणी आहेत असा अर्थ होतो. 'पाणी'वर दिला, तर मागणी आहे, पण ती पाण्याची नाही. 'मागत'वर दिला, तर पाणी हवेच आहे, परंतु ते याचना करून नको. एकाच वाक्याच्या या तीन भूमिका आहेत.

महाडच्या संदर्भात हे तपासून पाहावे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्यावर गेले ते परवानगी मागायला नव्हे, कागदावर मिळालेला हक्क बजावायला. त्याच वर्षीच्या डिसेंबरातील परिषदेत त्यांनी हा लढा केवळ पाण्याचा नसून समतेचा आहे, हे स्पष्ट केले. अशा प्रसंगावरील नाटकात 'पाणी' किंवा 'मागत' यांवरचा आघात इतिहासाला धरून होईल. 'आम्ही'वरचा आघात मात्र सारा लढाच पुसून टाकील.

मराठीत आघाताने शब्दाचा कोशातील अर्थ सहसा बदलत नाही, वाक्यातील वजन बदलते. पुष्कळदा हे वजन लेखक 'च', 'ही', 'तर' अशा अव्ययांनी किंवा शब्दक्रमाने दाखवतो. तरी धोका उरतोच. 'आम्हीही माणसं आहोत' या वाक्यात 'ही' लांबवला की विनवणी ऐकू येते : आम्हालाही तुमच्यात घ्या. 'माणसं' ठामपणे उच्चारला की तोच दावा होतो आणि समोरच्याच्या माणुसकीला प्रश्न विचारतो.

स्पर्धांतील प्रयोगांत मला दोन खोडी वारंवार दिसल्या आहेत. पहिली करुणेची. दलित पात्र म्हणजे दीन पात्र, हे आधीच गृहीत धरलेला नट 'गरीब', 'बिचारा', 'आम्ही' हे शब्द ओले करून म्हणतो. क्रियापद घशात विरते. विद्रोह तर क्रियापदात असतो! दुसरी खोड बोलीची. प्रमाण भाषेत वाढलेल्या नटाला 'न्हाई', 'व्हय' हे शब्द अनोळखी असतात, म्हणून तो त्यांवरच जोर देतो. प्रेक्षक हसतात. नकाराचे वाक्य विनोदाचे होते आणि नटाला टाळ्या मिळतात. बोली जगणारा माणूस 'न्हाई' असा मिरवत नाही.

प्रेमानंद गज्वी यांच्या १९७७ सालच्या एकांकिकेचे 'घोटभर पाणी' हे नावच उच्चारून पाहा. 'पाणी'वर जोर दिला तर ती तहानेची गोष्ट वाटते. 'घोटभर'वर दिला तर एवढेसेही नाकारणाऱ्या व्यवस्थेवर बोट जाते.

यावर उपाय ओरडणे नव्हे. मोठा आवाज म्हणजे आघात नव्हे. शब्दाआधीचा क्षणभराचा थांबा अधिक काम करतो. तालमीत प्रत्येक वाक्यापाशी नटाने विचारावे : हे वाक्य कोणाला दिलेले उत्तर आहे? समोरचा काय म्हणाला असेल? ज्या शब्दाने त्याचे म्हणणे खोडले जाते, त्यावर आघात. भीमराव कर्डकांसारख्या आंबेडकरी जलसाकारांना हे कोणी शिकवावे लागले नसेल, कारण ज्याला उत्तर द्यायचे तो त्यांना रोज गावात भेटत होता. आजच्या नटाला तो संहितेत शोधावा लागेल. त्यासाठी आधी इतिहास वाचावा लागेल, मग आवाज कमवावा लागेल.