मधल्या फोटोंचं काय?

पोर्टफोलिओ लावायला बसलेल्याला पहिला सल्ला हमखास मिळतो: सर्वांत जोरकस फोटो सुरुवातीला, त्याच्या खालोखालचा शेवटी, बाकीचे मध्ये. लग्नाचं काम मिळवायचं असेल तर तो ठीकच आहे. पाहणाऱ्याला वेळ नसतो. पण एखाद्या गावाबद्दल काही सांगायचं असेल, तर हा सल्ला मला घातक वाटतो. त्यात क्रम म्हणजे गुणवत्ता यादी होते. खरं तर क्रम हे फोटोग्राफरचं मत असतं.

रॉबर्ट फ्रँकचं 'द अमेरिकन्स' (पॅरिस, १९५८) त्यासाठी पुन्हा पुन्हा पाहावं. हजारो फोटोंतून त्यानं ८३ ठेवले. त्यातले लागोपाठचे तीन पाहा. दोन ताडांच्या मधोमध कापडानं झाकलेली मोटार. पान उलटलं की रस्त्याकडेला घोंगडीखाली झाकलेला अपघाती मृतदेह, शेजारी उभी माणसं. त्यानंतर न्यू मेक्सिकोतला दूरवर गेलेला, जवळजवळ ओस रस्ता. मोटारीचा फोटो एकटा पाहिला तर नुसता देखणा आहे. पुढच्या पानामुळे त्या कापडाचं कफन होतं. आणि एरवी प्रवासाचं आमंत्रण देणारा तो रस्ता इथे भीती घालतो. कॅप्शनमध्ये यातलं काहीही लिहिलेलं नाही.

आता आमच्या म्हसळ्याकडे येतो. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळानं श्रीवर्धन-म्हसळ्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या. त्यावरचे जे फोटोसंच मी पाहिले, त्यांचा क्रम बहुधा ठरलेला: ड्रोनमधून आडवी वाडी, उडालेले पत्रे, म्हातारीचा चेहरा, आणि शेवटी नवं रोप धरलेले हात. एकेक फोटो उत्तम, पण संच खोटा. कारण पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं जातात. रोपावर संपणारा संच ती सगळी वर्षं गिळून टाकतो आणि पाहणाऱ्याला हायसं वाटायला लावून मोकळा होतो.

तेच रोप मध्ये ठेवून पाहा. त्यानंतर उघडी वाडी. मग पुन्हा तीच वाडी, तोच कोन, रोप गुडघ्याएवढं. 'सारखे दिसणारे दोन फोटो ठेवू नका' हा नियम इथे मोडतो, आणि तो मोडल्यामुळेच वाट पाहणं दिसतं. दुसरा फोटो स्पर्धेत पहिल्या फेरीतच बाद होईल. संचाचा भार मात्र तोच उचलतो.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. छोट्या प्रिंट काढून जमिनीवर मांडाव्यात आणि एकेक उचलून पाहावं. उचलल्यावर शेजारच्या दोन फोटोंचा अर्थ बदलत नसेल, तर तो कितीही सुंदर असो, जाऊ द्यावा. बदलत असेल, तर कितीही साधा असो, ठेवावा. सुंदर फोटो जाऊ देताना जीव तुटतो, हे खरं. पण ज्यांची वाडी गेली त्यांच्याबद्दल आपण बोलत असू, तर आपला आवडता फोटो वाचवणं हा काही मोठा प्रश्न नाही.