‘नाही.’ : पूर्णविरामावरचा एक पेपर वाचताना

मला एक सवय आहे. व्हॉट्सॲपवर एका शब्दाचं उत्तर दिलं तरी पुढे पूर्णविराम देते. थिसिस लिहून लिहून हातालाच तसं वळण लागलंय. दिवाळीच्या आधी केज तालुक्यातल्या आमच्या गावाकडून अण्णांचा मेसेज आला, ‘सुट्टीत येतेस का’. लॅबमध्ये प्रयोग चालू होता. मी लिहिलं, ‘नाही.’ दोन दिवसांनी धाकट्या बहिणीचा फोन: ‘ताई, अण्णा विचारायलेत, तू रागावलीस का?’

दोष टिंबाचाच, असं धरून मी शोधायला बसले. आणि हवा तसा पेपर सापडला. (इथेच सावध व्हायला हवं होतं!)

अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या डॅनिएल गुनराज, सेलिया क्लिन आणि सहकाऱ्यांचं हे २०१५ चं काम. १२६ पदवी विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले. एकाने काही विचारायचं, दुसऱ्याने एका शब्दात उत्तर द्यायचं. कधी पूर्णविरामासह, कधी त्याशिवाय. काही संवाद मोबाइल मेसेज म्हणून दाखवले, काही हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या म्हणून. उत्तर किती मनापासूनचं वाटतं, एवढाच प्रश्न. मेसेजमध्ये पूर्णविराम असला की ते कमी मनापासूनचं वाटलं. चिठ्ठीत तसा फरक दिसला नाही.

या पेपरची ताकद चिठ्ठीत आहे. ती नसती तर पूर्णविराम सगळीकडेच कोरडा वाटतो की फक्त मेसेजमध्ये, हे कळलंच नसतं. तुमच्या प्रस्तावात तुलनेचा गट लिहिताना हे आठवा.

आता कमतरता बघा. पहिली, मोजलं ते वाचणाऱ्याला काय वाटलं ते. ‘पूर्णविराम देणारे मनापासून बोलत नाहीत’ असा अर्थ काढला, तर तो आपल्या पदरचा. याच गटाच्या २०१८ च्या पेपरच्या शीर्षकात ‘तुटकपणा’ या अर्थाचा शब्द आहे. मला तो जास्त नेमका वाटतो.

दुसरी, एकच विद्यापीठ, एकच भाषा, साधारण एकाच वयाचे वाचक. मराठीत पूर्णविराम एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वळणाने रुळला. मेजर थॉमस कँडी यांचं नाव त्यासाठी घेतलं जातं. मोडीत तर शब्दही सलग लिहीत. शिवाय आपण सूर सांभाळतो तो शब्दांनी: ‘हो ना’, ‘येते की’, ‘बरं’. त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा बीडला आणता येत नाही.

तिसरी मला उशिरा दिसली. तिथली उत्तरं ‘ओके’, ‘शुअर’, ‘या’, ‘यप’ अशी होकाराची होती. माझं उत्तर नकाराचं. नकार टिंबाशिवायही टोचतो. म्हणजे माझा प्रसंग या पेपरात बसतच नव्हता.

कुणाला छोटा प्रकल्प करायचा असेल तर ‘हो’, ‘हो.’, ‘हो ना’, ‘नाही’, ‘नाही.’ ही उत्तरं घ्या आणि विद्यार्थ्यांसोबत त्यांच्या आईवडिलांनाही विचारा.

शेवटी मी अण्णांना फोन केला. टिंब त्यांनी पाहिलंही नव्हतं. म्हणाले, ‘तीन आठवडे फोन नाही, अन् वर नुसतं नाही. कारण तर सांगायचं की.’

एका बदलाला दोष देण्याआधी सोबत आणखी काय काय बदललं होतं, ते तपासा. पूर्णविराम मी अजूनही देते. फक्त आता त्याच्या आधी पूर्ण वाक्य लिहिते.