आरशाचे शिल्प

शिल्पाला स्थिर घनता हवी, असा एक दृढ संकेत आहे. मोनीर शाहरूदी फर्मानफर्माइयान (१९२२–२०१९) या इराणी शिल्पकर्त्रीच्या कृतीपुढे उभे राहिले असता तो डळमळू लागतो. घनता तेथे आहे. परंतु तिच्यावर आरशाचे कोनबद्ध तुकडे जडविलेले असल्यामुळे पाहणारा जरासा हलला की आकारही हलतो. त्याला स्वतःचा चेहरा मात्र त्यात कोठेच सलग सापडत नाही.

कझवीन येथे जन्मलेल्या मोनीर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस न्यूयॉर्कला गेल्या. तेथील शिक्षण, उपजीविकेसाठी केलेली वेषभूषेची रेखाटने, अँडी वॉरहॉलचा स्नेह आणि १९५७ मधील स्वदेशागमन, एवढा निर्देश पुरे. त्यांच्या कलेला खरे वळण लागले ते शिराझच्या शाह चेराग दर्ग्यात. तेथील भिंती व छत आरशांच्या तुकड्यांनी मढविलेले आहे. भाविकांची ये-जा त्यात सहस्रधा फुटून परत येते. ते दृश्य पाहून आपल्याला रडू आवरले नाही, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. आंबेरचा शीशमहाल पाहिलेल्या भारतीय रसिकास ही आईनेकारी अगदीच परकी वाटू नये.

पाश्चात्य समीक्षकांनी या कृतींचे नाते अमेरिकेतील ‘मिनिमलिस्ट’ शिल्पाशी जोडले. रॉबर्ट मॉरिस व फ्रँक स्टेला यांच्याशी त्यांचा परिचय होता, हे खरे. तथापि हे नाते वरवरचे आहे. त्या पंथाचा घटक कारखान्यात घडल्यासारखा एकसारखा असतो. येथे प्रत्येक काच हाताने कापलेली आहे, आणि सांध्यांतील किंचित विषमतेमुळेच प्रकाशाला जिवंतपणा येतो. त्रिकोण, षट्कोन, द्वादशकोन ही भूमिती मोनीर यांची. हात मात्र उस्ताद मोहम्मद नवीद यांच्यासारख्या कारागिरांचे. मग कर्तृत्व कोणाचे?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने क्रूरपणे दिले. १९७९ च्या क्रांतीच्या वेळी त्या पतीसह न्यूयॉर्कमध्ये होत्या. तेहरानमधील त्यांची मालमत्ता व कलासंग्रह जप्त झाला. कारागीर नाहीत, तशी पातळ काच नाही. आरशाचे काम जवळजवळ थांबले आणि चित्रणे व चिकटचित्रे यांवर भागवावे लागले. कारागिरांवाचून ही कला अपुरी होती, हे यातून मान्य करावे लागते. पण त्या कारागिरांची पिढीजात विद्या भिंतीवरून उतरवून तिला स्वतंत्र उभे करणारी दृष्टी त्यांची होती, हेही तितकेच खरे.

पतीच्या निधनानंतर त्यांनी छायाचित्रे व लहानसहान वस्तू मांडून ‘हृदयव्यथा’ या नावाच्या पेट्या केल्या. त्या मनाला चटका लावतात, परंतु दुःख तेथे फारच उघडपणे बोलते. निःशब्द षट्कोनात तेच दुःख अधिक खोल जाते.

२००४ मध्ये त्या तेहरानला कायमच्या परतल्या, ऐंशी उलटल्यावर कर्मशाळा पुन्हा थाटली, आणि मोठमोठ्या कृती घडू लागल्या. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन झाले. २०१७ मध्ये तेहरानच्या नेगारेस्तान बागेत केवळ त्यांच्याच कृतींचे संग्रहालय उघडले. जे जप्त झाले होते त्याच शहराच्या स्वाधीन त्यांनी आपली कला केली, आणि दोन वर्षांनी तेथेच त्यांचा अंत झाला.