न सुटलेल्या खुनांचे चित्रपट

सीरियल किलर, त्याच्या मागावर निघालेला पोलीस आणि दोघांभोवती उभा केलेला जुना काळ, या मिश्रणाला अलीकडे मराठी मंडळींतही मागणी आली आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये आशिष बेंडे दिग्दर्शित ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. सप्टेंबर 2025 मध्ये चिन्मय मांडलेकरांचा हिंदी ‘इन्स्पेक्टर झेंडे’. एकीत रमाकांत कुलकर्णी, दुसऱ्यात मधुकर झेंडे, दोघेही मुंबई पोलिसांतले नामांकित अधिकारी. कला-दिग्दर्शनाने आपले काम चोख केले आहे: गाड्या, टेलिफोन, फायली, शर्टांच्या कॉलरी, सगळे जागच्या जागी. पण रहस्यपटातला काळ सामानाने सिद्ध होत नाही. तो तपासाच्या वाटेत आडवा यावा लागतो. त्या काळात काय शोधता येत नव्हते, कोणाची जबानी ऐकून घेतली जात नव्हती, पोलीस त्या वेळी दुसऱ्या कोणत्या कामाला जुंपले होते, हे कथेतून काढून टाकले आणि तरीही कथा तशीच चालली, तर तिथे काळ नसून फक्त भाड्याने आणलेले कपडे आहेत.

कपड्यांच्या चित्रपटांची परंपरा मोठी आहे आणि तिच्यावर फार शाई खर्चण्याचे कारण नाही. पितोफचा फ्रेंच ‘विदॉक’ (2001) संपूर्णपणे हाय-डेफिनिशन डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झाल्यामुळे तंत्राच्या इतिहासात नोंदला गेला, एवढेच. 1830 चे पॅरिस, जुलै क्रांती उंबरठ्यावर, गुन्हेगाराचा पोलीसप्रमुख झालेला खराखुरा नायक, एवढे भांडवल हाताशी असून चित्रपट आरशाचा मुखवटा घातलेल्या किमयागारामागे धावतो. त्याच वर्षीच्या ‘फ्रॉम हेल’मध्ये इन्स्पेक्टर ॲबरलिनला अफूच्या धुंदीत खून दिसतात, ज्याला दृष्टान्त होतात त्याला तपासाची गरजच काय? ‘द लाइमहाउस गोलेम’ (2016) बिल नायसाठी पाहावा.

या प्रकाराचे खरे सामर्थ्य कळते ते बोंग जून-होच्या ‘मेमरीज ऑफ मर्डर’मध्ये (2003). दक्षिण कोरियातल्या ह्वासोंग भागात 1986 ते 1991 या काळात दहा स्त्रियांचे आणि मुलींचे खून झाले. गुन्हेगार सापडला नव्हता आणि चित्रपट बनला तेव्हाही तो मोकाटच असल्याचे सगळे मानत होते. बोंगने उत्तर शोधण्याच्या भानगडीत न पडता ते का सापडले नाही याचीच कथा केली. घटनास्थळ राखायला पुरेशी माणसे नाहीत. पोरेटोरे हुंदडताहेत, अधिकारी बांधावरून घसरून पडताहेत, आणि मातीत उमटलेला एकुलता एक ठसा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ट्रॅक्टरखाली जातो. हा सारा गोंधळ एकाच लांबलचक शॉटमध्ये घडतो आणि प्रेक्षक हसतो. चित्रपट त्याला मुद्दाम हसवतो, कारण पुढे हेच हसू त्याच्या अंगावर येणार असते.

स्थानिक फौजदार पार्क दू-मानचा विश्वास स्वतःच्या नजरेवर. माणसाचे डोळे पाहून गुन्हेगार ओळखतो, असा त्याचा दावा. व्यवहारात ही नजर नेहमी दुबळ्यावरच जाऊन थांबते. चेहरा भाजलेल्या, मतिमंद पोराला तळघरात बदडून कबुलीजबाब पाठ करून घेतला जातो आणि त्याच तळघरात त्याच्यासोबत नूडल्स खात टीव्हीवरची पोलिसांची लोकप्रिय मालिका पाहिली जाते. या एका प्रसंगात लष्करी राजवटीतला कोरिया जितका आहे, तितका दहा इतिहासपटांत नसेल. सोलहून आलेला सो ते-युन कागदपत्रांवर भिस्त ठेवणारा. पावसाच्या रात्री, रेडिओवरचे ठराविक गाणे, लाल कपडे, असे धागे जुळवून पुढचा खून कधी होणार हे त्याला कळते. पण बंदोबस्ताला तुकडी मागितली तर ती मिळत नाही. सगळी कुमक निदर्शने मोडायला गेलेली असते. सरावासाठी भोंगा वाजतो, गावातले दिवे विझतात, आणि राज्यसंस्थेनेच पसरवलेल्या त्या अंधारात एका शाळकरी मुलीचा जीव जातो. डीएनए तपासणीची सोय देशात नाही, नमुना अमेरिकेला पाठवावा लागतो, आणि तिथून आलेल्या कागदाने काहीच सिद्ध होत नाही. शेवटी तो शहरी, सुशिक्षित अधिकारीही गावठी फौजदारासारखाच हात उगारतो. काळ आडवा येणे म्हणतात ते हे.

पुढच्या घटनांनी चित्रपटाची बाजू आणखी भक्कम केली. 2019 मध्ये डीएनएवरून खरा गुन्हेगार निष्पन्न झाला. मेहुणीच्या खुनाबद्दल तो आधीपासूनच तुरुंगात होता. यातल्या आठव्या खुनाची कबुली एका निरपराध माणसाकडून मारहाणीने घेतली गेली होती. त्याने सुमारे वीस वर्षे तुरुंगात काढली आणि 2020 मध्ये तो निर्दोष ठरला. बोंगने रंगवलेले तळघर अतिशयोक्त वाटलेल्यांनी हा निकाल वाचावा.

डेव्हिड फिंचरचा ‘झोडिॲक’ (2007) याच वाटेने, पण थंड डोक्याने जातो. खून व्हॅलेहोत, नापात, सॅन फ्रान्सिस्कोत. प्रत्येक हद्दीची फाइल वेगळी, आणि एकीकडचे कागद दुसरीकडे धाडायचे तर समोरच्या ठाण्यात यंत्रच नाही. टॅक्सीचालकाच्या खुनानंतर वायरलेसवर संशयिताचा वर्णच चुकीचा सांगितला जातो आणि गस्तीवरचे पोलीस गोऱ्या माणसाला जाऊ देतात. वर्षे कशी लोटली हे फिंचर उंच उंच चढत जाणाऱ्या एका इमारतीतून दाखवतो. अधिकारी तोस्की ‘डर्टी हॅरी’ (1971) पाहायला जातो आणि अर्ध्यातून उठून बाहेर येतो. पडद्यावरच्या हॅरीने त्याच खुन्यावरून बेतलेल्या पात्राला गोळी घालून प्रकरण मिटवलेले असते. तोस्कीची फाइल उघडीच राहते.

मराठी मंडळींचे ताजे प्रयत्न या कसोटीवर हॅरीच्या बाजूला पडतात. झेंडेंनी पकडलेल्या चार्ल्स सोभराजच्या नावावर परदेशी प्रवाशांचे खून होते. ‘इन्स्पेक्टर झेंडे’त तो ‘कार्ल भोजराज’ होतो आणि गोव्यापर्यंतचा पाठलाग खेळकर सहल बनतो. मेलेल्यांची आठवण त्या सहलीला अडचणीचीच ठरली असती. ‘मानवत मर्डर्स’ अधिक गंभीर आहे, आशुतोष गोवारीकरांचे काम संयत आहे, म्हणून तिच्याशी भांडायला हवे. ती कुलकर्णींच्याच आठवणींवर बेतलेली, त्यामुळे कथेचा कणा मुंबईहून आलेल्या साहेबांच्या हुशारीचा. तपास करणाऱ्याच्या पुस्तकातून तपासाची चिकित्सा कशी निघणार? नोव्हेंबर 1972 ते जानेवारी 1974 या काळात मानवतमध्ये दहा खून झाले, बळी बहुतेक मुली आणि बायका. वर्ष दुष्काळाचे. पिंपळाखालचे गुप्तधन, अपत्याची आस, रक्ताचा नैवेद्य या समजुती मराठवाड्याच्या त्या भुकेल्या वर्षापासून तोडून दाखवल्या की उरतो तो जादूटोण्याचा थरार, आणि तो कोणत्याही सालात चालतो.

याच घटनेवर विजय तेंडुलकरांच्या पटकथेतून अमोल पालेकरांनी 1981 मध्ये ‘आक्रीत’ केला होता. त्याला डिटेक्टिव्हची मातब्बरी नव्हती. नजर होती वाड्यातल्या सत्तेवर आणि वासनेवर. चार दशकांनी अधिक पैसा आणि अधिक तास मिळूनही मराठी पडदा त्याच्या मागे जातो, हे प्रगतीचे लक्षण नव्हे. हिंदीतही वेगळे घडले नाही. कुलकर्णींच्याच काळात, 1968 मध्ये, पकडलेल्या रमन राघववर श्रीराम राघवनने 1991 मध्ये रघुबीर यादवला घेऊन छोटा, अस्वस्थ करणारा चित्रपट केला. 2016 मध्ये अनुराग कश्यपने त्याच नावाखाली कथा थेट वर्तमानात आणली. मुंबईच्या फुटपाथांवर आणि झोपड्यांत झोपणाऱ्यांचे मुडदे मोजायला शहराला इतका वेळ का लागला, हा प्रश्न साठच्या दशकातच राहिला.

मानवतचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1977 च्या निकालात माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला स्वतंत्र पुराव्याची जोड हवी, या मुद्द्याचा कस लागला, आणि कटाचे सूत्रधार म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले गेले ते दोघे अखेर सुटले. फासावर गेले ते हाताखालचे. म्हणजे मराठी मातीतला ‘मेमरीज ऑफ मर्डर’ निकालपत्रात तयारच होता: खून झाले, तपास झाला, शाबासकी मिळाली, आणि न्यायालयात पुरावा तोकडा पडला. तो का तोकडा पडला, कबुल्या कशा घेतल्या गेल्या, कोणत्या साक्षी टिकल्या नाहीत, याच्यावर कॅमेरा लावायचा तर साहेबांच्या पुतळ्याला धक्का लागतो. तो लावायची तयारी नसेल, तर निर्मात्यांनी सत्य घटनेचा शिक्का बाजूला ठेवून सरळ काल्पनिक इन्स्पेक्टर घ्यावा आणि त्याला हवे तितके खुनी पकडू द्यावेत.