वस्तू, वास्तू आणि कौशल्य : रेल्वे इंजिनशेडच्या जतनाची चिकित्सा

प्रस्तावना :
रेल्वेच्या इतिहासलेखनात मार्ग, पूल आणि स्थानके यांना जे स्थान मिळाले, ते इंजिनशेडला मिळालेले नाही. वस्तुतः वाफेच्या इंजिनाचे आयुष्य शेडवरच अवलंबून होते. राख काढणे, बॉयलर धुणे, कोळसा-पाणी भरणे ही कामे तेथे चालत. इंजिनाची दिशा बदलण्यासाठी मध्यभागी टर्नटेबल आणि त्याभोवती इंजिनांच्या जागा, अशा वर्तुळाकार शेडला ‘राऊंडहाऊस’ म्हणतात. दोन्ही दिशांना धावणारी डिझेल व विद्युत इंजिने आल्यावर ही रचना निरुपयोगी ठरली. अशा वास्तूंचे जतन म्हणजे नेमके कशाचे जतन, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विवेचन :
लंडनमधील कॅम्डनचे १८४७ चे राऊंडहाऊस इंजिनांचा आकार वाढल्याने दशकभरातच अपुरे पडले. ते पुढे मद्याचे गोदाम झाले आणि १९६० च्या दशकात नाटककार अर्नोल्ड वेस्कर यांच्या पुढाकाराने कलाकेंद्र बनले. येथे वास्तू टिकली, परंतु तिच्यातील श्रमाची ओळख पुसट झाली. डर्बी येथील १८३९ च्या सोळा बाजूंच्या राऊंडहाऊसमध्ये २००९ पासून महाविद्यालय भरते. येथे वास्तूला शिक्षणाचा नवा आशय लाभला. हरियाणातील रेवाडीच्या १८९३ च्या शेडमध्ये मात्र वाफेची इंजिने चालत्या स्थितीत राखली गेली. तेथे वास्तूबरोबर कौशल्यही टिकले.

महाराष्ट्राचे चित्र वेगळे आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी दरम्यान सुरू झाली. ती १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचली. इंजिनाचा भार अनेक आसांवर समान विभागून हलक्या रुळांवर जड वाहतूक करणे, हे तिचे वैशिष्ट्य होते. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी या गाडीने पंढरी गाठली. १९५४ मध्ये ती शासनाकडे आली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी तिचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरोगेज संग्रहालय (२००२) हा स्वागतार्ह अपवाद होय. एरवी आपल्याकडे जतन म्हणजे चौथऱ्यावर रंगवून ठेवलेले इंजिन, अशीच समजूत दिसते. असे इंजिन पाहणाऱ्याला त्याचा आकार समजतो. ते रोज पहाटे पेटवणाऱ्या फायरमनचे, फिटरचे श्रम समजत नाहीत. चौथरा यंत्राचा गौरव करतो आणि कामगाराला वगळतो, हा त्यातील मूलभूत दोष आहे.

निष्कर्ष :
१) केवळ वस्तू जपल्याने इतिहास जपला जात नाही, वास्तू आणि कौशल्य यांचाही विचार आवश्यक आहे.
२) इमारत एकदा पडली तरी तिचे नकाशे उरू शकतात, कौशल्य मात्र माणसाबरोबरच जाते. म्हणून निवृत्त कामगारांच्या मौखिक नोंदींना अग्रक्रम हवा.
३) हे काम महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. चंदगडसारख्या, रेल्वेमार्ग नसलेल्या तालुक्यातील विद्यार्थ्यांनाही मिरज किंवा कुर्डुवाडीला जाऊन ते करता येईल. त्यासाठी निधीपेक्षा तातडीची जाणीव अधिक गरजेची आहे.